यादीतला शेवटचा धक्का

१७ एप्रिल, गुरुवार

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी टॅमरॅक तलावाचा बर्फ सुटला. बर्फावर ठेवलेलं पिंप बुडालं, त्याची तार तुटली, काठावरचं घड्याळ थांबलं, आणि दरवर्षीसारखा सगळा गाव मर्नाच्या गळ-आमिषाच्या दुकानात जमला. बर्फ कधी जाणार याच्या चिठ्ठ्या वर्षअखेरपर्यंत बरणीत टाकायच्या असतात. तारीख जुळेल त्याला धुरी दिलेलं अख्खं हॅम. थट्टामस्करी चालली होती, मर्ना चिठ्ठ्या चाळत होती, आणि एका चिठ्ठीवर ती थांबली. १७ एप्रिल, लाईल सोर्वारी.

लाईल नऊ जानेवारीला स्नोमोबाईल गाडी घेऊन बर्फावर मासे धरायला गेला, तो परत आलाच नाही. अजून सापडलेलाही नाही. शेवटी मर्ना म्हणाली की हॅम आर्डिसला पोचवायला हवं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आर्डिस लाईलची बायको आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून असली कामं माझ्याच गळ्यात पडतात. हॅम आत्ता आमच्या फ्रीजमध्ये आहे.

बाबा असते तर त्यांनी आज एवढंच लिहिलं असतं: बर्फ गेला, वारा पश्चिमेचा, उद्यापासून काम. ही वहीची सवय त्यांचीच. चाळीस वर्षं त्यांनी तलावाकाठच्या बंगलेवाल्यांचे धक्के आणि बोट पाण्याच्या वर उचलून धरायच्या लिफ्ट वसंतात पाण्यात उभ्या केल्या, पानगळीत बाहेर काढल्या आणि रोज दोन ओळी लिहिल्या. आता ते काम मी आणि माझा थोरला भाऊ रोली करतो. लिहिणं माझ्याकडे, कारण रोलीला पत्ता लिहायचाही कंटाळा. हिवाळ्यात आमचं काम नसतं, तेव्हा जानेवारीची पानं कोरी राहतात. यंदाही कोरीच आहेत.

२२ एप्रिल

सहा धक्के झाले. पाणी असं गार की रबरी पोशाखातूनही पायांची बोटं कुणी कापून नेली तरी कळणार नाही. रोलीचा गुडघा पहिल्याच दिवशी कुरकुरायला लागला, म्हणून पाण्यात मी आणि काठावर तो.

शहरवाल्यांचे फोन सुरू झालेत. प्रत्येकाला आपला धक्का पहिला हवा. बाबांची रीत ठरलेली होती: होड्या उतरवायच्या उतारापासून सुरुवात, मग पश्चिम काठ, मग दक्षिण, असं घड्याळाच्या उलट फिरत यायचं. यंदा मी पूर्वेकडून सुरुवात केली. रोलीने विचारलं, हे काय नवीन. मी म्हटलं, वाऱ्याने बर्फाचे तुकडे पश्चिमेला साचलेत. तसे ते साचलेही होते, थोडे.

२६ एप्रिल, शनिवार

हॅम आणि लाईलची ती चिठ्ठी घेऊन आर्डिसकडे गेले. तिने ते टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ चिठ्ठीच पाहत बसली. लाईलचं अक्षर मोठं, शाळकरी पोराचं असतं तसं. तीस वर्षं शाळेची बस चालवली त्याने, पोरांचं अक्षर लागलं असेल हाताला.

गावात काय बोलतात ते तिला माहीत आहे. वरच्या तलावाचं पाणी आमच्या तलावात जिथून येतं त्या चिंचोळीवर बर्फ कधीच भरवशाचा नसतो. इथलं दोन वर्षांचं पोरही तिकडे जात नाही. पाणी उघडं राहील अशी तलावावर दुसरी जागा नाही, म्हणजे लाईल तिथेच गेला असणार. आणि साठ वर्षं इथे काढलेला माणूस चिंचोळीवर चुकून जात नाही. बसची नोकरी सुटल्यापासून तो गप्प गप्प होताच. एवढं सगळे जण जोडतात, मग आवाज खाली आणतात आणि कॉफी ढवळतात.

आर्डिस म्हणाली, "जीव द्यायचा असलेला माणूस एप्रिलची तारीख लिहून ठेवतो का गं?"

मी म्हटलं, असल्या गोष्टींचा विचार करू नये. तिने हॅमचे जाड काप केले, आम्ही दोघींनी खाल्ले. फार खारट होतं.

३० एप्रिल

केसलरचा फोन आला. हा दातांचा डॉक्टर, शहरातला, पश्चिम काठावर त्याचं घर. त्याचा धक्का आणि लिफ्ट हिवाळाभर पाण्यातच राहिली, कारण नोव्हेंबरात लिफ्टचा एक पाय गाळात रुतला आणि तो निघायच्या आत बर्फ धरला. अशा वेळी आम्ही ढवळणी लावतो. विजेवरचा पंखा असतो, पाण्यात टांगायचा, तो तळाचं ऊबदार पाणी वर ढकलतो आणि लिफ्टभोवती बर्फ धरत नाही. केसलरचा शेजारी वसंतात येऊन बघून गेला म्हणे, लिफ्टला ओरखडाही नाही. केसलर मला म्हणाला, मार्लिस, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं.

उघड्या पाण्याभोवती खांब ठोकून दोरी आणि पाट्या लावायचा कायदा आहे. पाट्या लावल्या होत्या. दोन.

लिफ्ट जरा तिरकी झालीये, सरळ करून द्या, असं त्याचं म्हणणं. मी त्याला यादीत शेवटी टाकलंय.

३ मे

मर्नाच्या दुकानात शेरीफचा माणूस कॉफी पीत उभा होता. मी त्याला विचारलं, जानेवारीच्या पाण्यात माणूस किती वेळ जगतो. तो म्हणाला, दहा मिनिटांत हात चालेनासे होतात, तासाभरात सगळं संपतं. म्हणजे संध्याकाळी पडलेला माणूस सकाळी कुणी गेलं तरी हाती लागला नसता. असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, कोण जाणार होतं सकाळी?

असले प्रश्न का सुचतात कुणास ठाऊक. चार धक्के झाले. थॉर्सनबाईंच्या धक्क्याच्या दोन फळ्या कुजल्यात, बदलायला हव्यात.

१० मे, शनिवार

मासेमारीचा हंगाम आज उघडला आणि पहिल्याच तासात दक्षिण टोकाच्या लव्हाळ्यात लाईल सापडला. दोन परगावचे लोक होते बोटीत. मी आणि रोली पलीकडच्या काठावर काम करत होतो. शेरीफची बोट गेली, सावकाश, आणि आम्हाला कळलं. रोलीने टोपी काढली. मी पाण्यात उभी होते, हातात पाईप, तो मला खाली ठेवता येईना.

अंगावर हिवाळी कपडे, खिशात चिमटा आणि गोळ्यांची पुडी. स्नोमोबाईल सापडली नाही. वारा आणि प्रवाह माणसाला कुठून कुठे नेतात, त्यामुळे तो कुठे पडला ते यावरून कळत नाही. बर्फ होता तेव्हा चिंचोळीतच शोधलं होतं आणि आता पुन्हा तिथेच शोधणार म्हणतात.

१४ मे

लाईलला पुरलं. चर्चच्या तळघरात बटाट्याचं हॉटडिश, हॅमची सँडविचं, रुबार्बचा केक. माणसं भरपूर, बोलणं थोडं. पास्टर खूप सांभाळून बोलले, इतकं सांभाळून की काय सांभाळतायत ते शेवटच्या रांगेपर्यंत कळलं. आर्डिसची मान वर झाली नाही.

दगडावर काय कोरायचं ते तिने ठरवलंय. नाव आणि दोन तारखा. "प्रिय पती" नको म्हणाली.

१९ मे

आर्डिसचा धक्का घातला. दरवर्षी लाईल काठावर उभा राहून सूचना द्यायचा आणि मी त्याला सांगायचे, एवढं कळतंय तर उतर पाण्यात. आज काठावर कुणी नव्हतं, आणि धक्का पहिल्याच झटक्यात सरळ बसला.

बोट लिफ्टवर चढवताना आर्डिस खाली आली. म्हणाली, बोटीच्या बाकांखाली बघशील का? काय बघू, विचारलं. तेव्हा तिने सांगितलं. जानेवारीपासून ती चिठ्ठी शोधतेय. तिला वाटतं, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर माणूस एक ओळही न लिहिता जाणार नाही. उशा उसवून झाल्या. पुस्तकं एकेक करून झटकली. फ्रीझरमधली मांसाची पुडकी सोडून पुन्हा बांधली. त्याच्या कोटांची अस्तरंही तिने फाडली.

मग आम्ही दोघी बोटीत गुडघ्यांवर बसलो आणि शोधलं. बाकांखाली, लाईफ जॅकेटांच्या आत, इंजिनाच्या झाकणाखाली. मी टॉर्च धरला होता. एक जुना मोज्यांचा जोड आणि गळांची डबी निघाली. आर्डिसने डबी उघडून कप्पा न् कप्पा पाहिला.

"तुझ्याशी काही बोलला होता का तो? माझ्याबद्दल?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. हे तरी खरं आहे.

घरी आले आणि न जेवताच अंथरुणात शिरले. पाण्यात फार वेळ राहिलं की होतं असं.

२३ मे, शुक्रवार

सुट्टीचा पहिला दिवस, सगळे बंगलेवाले दाखल, आणि यादीत फक्त केसलर उरला. रोली सकाळी म्हणाला, आता तरी चल, का त्याच्या दारात भूत आहे. मी हसले.

लिफ्ट सरळ करायची तर पुढच्या पायाखाली जागा साफ हवी. टॅमरॅकचं पाणी कोऱ्या चहासारखं, हातभर खाली काही दिसत नाही. मी धक्क्याच्या टोकावरून लांब पाईपने तळ चाचपत गेले. गाळ, गाळ, दगड, गाळ. मग लिफ्टच्या पुढे चार-पाच पावलांवर पाईप पत्र्यावर वाजला.

रोलीने ऐकलं. तो आला, त्याने पाईप माझ्या हातून घेतला आणि दोन-तीनदा वाजवून बघितला. आकड्याची काठी घातली, काहीतरी अडकलं, ओढलं. रबरी पट्ट्याने करकचून बांधलेली बादली वर आली, झाकणासकट. पिवळी. लाईल त्या बादलीवर बसून मासे धरायचा, सगळ्या तलावाला ठाऊक आहे. झाकण उघडलं तर आत थर्मास आणि चार वॉलआय मासे, पांढरे फटक पडलेले.

रोलीने लिफ्टकडे पाहिलं. मग ढवळणीच्या रिकाम्या कडीकडे. तो मंद आहे असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं.

"तू दोरी लावली होतीस ना?" त्याने विचारलं.

त्याने झाकण लावलं, बादली परत पाण्यात सोडली आणि म्हणाला, "लिफ्ट चार हात डावीकडे घे."

आम्ही लिफ्ट चार हात डावीकडे घेतली. पातळी लावून बघितली, एकदम सरळ.

२४ मे

कुणाला सांगू नये, हे रोलीचं म्हणणं बरोबर आहे. लाईल काही परत येणार नाही. हे बाहेर आलं तर या तलावावरच काय, आसपासच्या कुठल्याही तलावावर आम्हाला कुणी धक्का लावू देणार नाही, आणि बाबांचं नाव जाईल ते वेगळंच. शिवाय तो तिथेच पडला हे कुणी पाहिलंय का? वाहून आली असेल ती स्नोमोबाईल. बर्फाखाली काय कुठे सरकतं, कुणी सांगावं.

एवढी जड गाडी सरकत नाही. मला माहीत आहे. हे काम मी चौतीस वर्षं करतेय.

२५ मे, रविवार

चर्चमध्ये आर्डिस नव्हती. बाहेर मर्ना म्हणाली, काल तिने मागच्या अंगणात त्याचे कोट जाळले. धूर बघून शेजारी धावत आले, तर ही फाटकी अस्तरं एकेक करून आगीत टाकतेय. शेजाऱ्याला म्हणाली, ज्याने मला एक ओळ लिहिली नाही, त्याचे कपडे मी कशाला सांभाळू.

दिवसभर काही सुचलं नाही. केसलर नवी बोट घेऊन तलावावर फिरत होता. मला बघून त्याने हात केला, मीही केला.

२७ मे

सांगितलं.

रोलीला आधी सांगितलं की मी जातेय. तो ट्रकचं तेल तपासत होता. त्याने वर बघितलं नाही, एवढंच म्हणाला की बादली घेऊन जा, नाहीतर तिला खरं वाटणार नाही. मग स्वतःच आला आणि काढून दिली.

आर्डिस स्वयंपाकघरात होती. मी बादली जमिनीवर ठेवली, वर्तमानपत्रावर. तिने ती लगेच ओळखली. मी उभ्याउभ्याच बोलले: कुठे सापडली, तिथे पाणी का उघडं होतं, कुणामुळे. तिने झाकण काढून आत पाहिलं. वास होता. तिने तोंड फिरवलं नाही.

"चार," ती म्हणाली. "म्हणजे परत येत होता."

मी हो म्हटलं. बर्फावरच्या मासे धरायच्या टपऱ्यांकडून घराकडे येताना ती वाट केसलरच्या धक्क्यासमोरूनच जाते.

"म्हणजे चिठ्ठी नाही."

"नाही."

ती खुर्चीवर बसली आणि रडली, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी. जानेवारीपासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जवळ जावं. एक पाऊल टाकलंही. तेव्हा तिने वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळत गेलं.

"तू माझ्याबरोबर शोधलीस," ती म्हणाली. "बोटीत. टॉर्च धरून."

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. मी म्हटलं, शुक्रवारी पाईप वाजला तेव्हापासून. ती माझ्याकडे बघत राहिली. मला सगळ्या जगाला फसवता येईल, पण शाळेत माझी गणितं जिने तपासली तिला नाही.

"घरी जा आणि लिही," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या त्या वहीत, ज्या दिवशीचं त्या दिवसाच्या पानावर. मग आण. मी वाचीन आणि शेरीफकडे नेईन. दुसऱ्या कशासाठी या घरात येऊ नकोस."

बादली मी तिथेच ठेवली. तिने ती उचलून टेबलावर ठेवलेली मला खिडकीतून दिसली.

९ जानेवारी, गुरुवार
(२७ मे रोजी लिहिलं)

हवा एकाएकी ऊबदार. चर्चच्या जेवणाला जाताना रस्त्यावरून केसलरच्या धक्क्यापुढचं पाणी दिसलं. लिफ्टच्या पुढच्या पायांना बर्फाने रेटू नये म्हणून मी ढवळणीचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं होतं, त्यामुळे उघडं पाणी धक्क्याच्या टोकापासून तीस पावलं आत गेलेलं. खांब दोनच होते आणि एक आडवा झालेला. उरलेले सहा खांब आणि दोरी शेडमध्ये, ताडपत्रीखाली. मॅकरोनीचं भांडं मांडीवर होतं आणि उशीर झाला होता. उद्या लावू म्हटलं.

१० जानेवारी, शुक्रवार
(२७ मे रोजी लिहिलं)

सकाळी नऊला खांब घेऊन गेले. रात्री बर्फ पडला नव्हता, सगळे माग स्वच्छ. स्नोमोबाईलचा एक माग टपऱ्यांकडून आला होता, सरळ, पाण्याच्या काठापर्यंत. पलीकडे माग नव्हता. काठ तुटलेला होता आणि तुटलेल्या जागी रात्रीत पातळ साय धरली होती.

किती वेळ उभी होते ते माहीत नाही. कुणाला हाक मारली नाही. कुणाला फोन केला नाही. ढवळणीची पिन काढली, ढवळणी ट्रकमध्ये टाकली. दोन्ही पाट्याही काढल्या. रात्री उणे तीस झालं.

११ जानेवारी, शनिवार
(२७ मे रोजी लिहिलं)

पहाटे बर्फ पडला. पाणी पूर्ण बंद, वर चार बोटं भुसभुशीत, माग कुठेच नाही.

दुपारी आर्डिस डुलूथहून, बहिणीकडून परत आली. घर गार होतं, म्हणून तिने आधी मलाच फोन केला. लाईल तुमच्याकडे आलाय का, म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, इकडे नाही आला. टपरीवर बसला असेल.